पहाटेचा अंगठा

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून अंगठा चोखण्याच्या सवयीचं हे प्रकरण एकाच घरावरून न लिहिता, किनारपट्टीवरच्या अनेक घरांत सारखे दिसणारे तपशील एकत्र करून मांडलं आहे.)

दापोली तालुक्यातली बंदरालगतची वाडी. मुलगी सव्वापाच वर्षांची, अंगणवाडीत जाणारी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या तपासणीत तिचे वरचे पुढचे दात बाहेर झुकलेले आणि वरच्या-खालच्या दातांत फट दिसली, म्हणून तिला बालदंतचिकित्सकाकडे पाठवलं. वडील मासेमारी बोटीवर. आई पहाटेच्या एसटीने मासे घेऊन बाजाराला जाणारी. घरी आजी आणि दोन वर्षांचा भाऊ.

तपासणीत आधी हात पाहिला. उजवा अंगठा डाव्यापेक्षा गोरा, स्वच्छ आणि सुरकुतलेला होता. सांध्यावर, खालचे दात टेकतात तिथे, मुगाच्या दाण्याएवढा घट्टा. नखाच्या कडेला दोनदा नखुरडं होऊन गेल्याचा डाग. घट्टा असला की सवय नुसती वरवरची नाही, अंगठा रोज तासन्‌तास तोंडात असतो, हे विचारायच्या आधीच कळतं. मग दात. मागच्या दाढा मिटलेल्या असताना पुढे ४ मिलिमीटर फट. वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटर पुढे. वरचा जबडा किंचित अरुंद, पण दाढा उलट्या, म्हणजे वरच्या खालच्यांच्या आत, बसत नव्हत्या. ही समाधानाची बाब होती. सवय सुटली की पुढची फट पुष्कळदा आपोआप भरते, उलट्या बसलेल्या दाढा मात्र सहसा आपोआप सुधारत नाहीत. नाक मोकळं होतं, टॉन्सिल्स वाढलेल्या नव्हत्या. हे पाहणं जरुरीचं असतं, कारण तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलालाही अशीच फट पडू शकते, आणि मग अंगठा सोडवूनही काम अर्धंच होतं.

फट मोजताना एक चूक हमखास होते. मुलाला “दात दाखव” म्हटलं की ते खालचा जबडा पुढे काढून दाखवतं आणि माप चुकतं. “थुंकी गिळ, आता मागच्या दाढा घट्ट चाव” असं सांगावं आणि मग ओठ बाजूला करावेत. घरी दर महिन्याला याच पद्धतीने, उजेडाकडे तोंड करून, शेजारी स्टीलची पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढायला आईला शिकवलं.

आईचा पहिला प्रश्न होता, “एवढ्याशा अंगठ्याने हाड कसं वाकतं?” त्यात जोराचा वाटा कमी, वेळेचा जास्त असतो. अंगठा आत गेला की वरच्या दातांना बाहेर लोटतो, खालच्यांना आत दाबतो आणि जीभ खाली सारतो. एरवी जीभ टाळूला टेकलेली असते आणि गालांच्या स्नायूंना आतून तोल देते. ती खाली गेली की गाल दोन्ही बाजूंनी वरचा जबडा आवळत राहतात आणि तो अरुंद होतो. दिवसातून पाच-दहा मिनिटं चोखल्याने दात हलत नाहीत. रोजचे चार ते सहा तास भरले की हलतात. म्हणूनच “चोखते का” एवढं विचारून भागत नाही. किती वेळ आणि कोणत्या वेळी, हे कळावं लागतं.

बाळ आईच्या पोटातच अंगठा चोखू लागतं, सोनोग्राफीत ते दिसतं. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात. तीन वर्षांच्या मुलामागे लागू नये, असंच आमचं ठाम मत आहे. चार उलटून गेल्यावर मात्र लक्ष घालावं, आणि सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे कायमचे दात येण्याआधी काम संपवावं. या मुलीकडे सुमारे वर्षभराचा अवकाश होता.

आधी काय काय करून झालं होतं

कारल्याचा रस, काडेचिराईत, मिरची, दटावणी, “अशाने लग्न कोण करील तुझ्याशी” हे सगळं झालं होतं. कडू चव लाळेने काही मिनिटांत धुऊन जाते, आणि मुलगी ती धुऊन जाईपर्यंत चोखायला शिकली होती. मिरची लावलेला हात झोपेत डोळ्याला लागला, ती रात्र सगळ्यांनी जागून काढली. वडिलांनी एकदा कोपराला क्रेप बँडेज आवळून बांधलं, तर सकाळी बोटं सुजलेली.

सर्वांत वाईट प्रकार मार्चमध्ये घडला. ओले काजूगर काढायचे दिवस. शेजारच्या एका बाईने सुचवलं, अंगठ्याला काजूचा चीक लावा, पुन्हा तोंडात घालणार नाही. काजू सोलणाऱ्या बायकांच्या हातांची सालं जातात ती याच चिकाने; काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, दोघांचंही तेल कातडी जाळतं. मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यावर आणि अंगठ्यावर फोड आले. हा उपाय कोकणात अधूनमधून ऐकू येतो, म्हणून स्पष्ट लिहितो: काजूचा चीक किंवा बिब्बा मुलाच्या हाताला कधीही लावू नये. चुकून लागलाच तर साबणाच्या पाण्याने लगेच धुवावा. ओठाला, तोंडाला किंवा डोळ्याला लागला असेल तर दवाखाना गाठावा.

या सगळ्या उपायांत एक दोष समान होता. मुलीला कोणी विचारलंच नव्हतं. तिने स्वतः “मला सोडायचंय” म्हटलं असेल तर कडू लेपसुद्धा आठवण म्हणून उपयोगी पडतो. तसं नसेल तर ती शिक्षा ठरते, आणि शिक्षेने घाबरलेलं मूल धीर मिळवायला पुन्हा अंगठ्याकडेच वळतं.

सात दिवसांची नोंद

मेच्या शेवटच्या आठवड्यात उपाय काहीच केला नाही, फक्त नोंद ठेवली. मुलीला बोलायचं नाही, हात ओढायचा नाही. आईने वहीत दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे खण पाडले. त्या खणात अंगठा तोंडात दिसला की एक रेघ. आजी लिहीत नाही, म्हणून ती नोंद चिंचोक्यांनी ठेवायची: दिसला की एक चिंचोका डब्यात. रात्रभर दर तासाला उठून पाहणं कोणालाच जमत नाही, म्हणून तीनच रात्री, ठरलेल्या वेळांना टॉर्चच्या उजेडात पाहिलं.

हिशेब असा आला. दिवसभर तुरळक २० मिनिटं. दुपारी झोपताना ४०. संध्याकाळी मोबाइलवर कार्टून पाहताना ५०. रात्री झोप लागताना आणि त्यानंतर मिळून १००. आणि पहाटे, आई सव्वाचारला अंथरुणातून उठली की उजाडेपर्यंत, ११०. एकूण ३२० मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. घरच्यांना दिसत आणि खटकत होता तो संध्याकाळचा अंगठा. सर्वांत जास्त वेळ होता तो कोणीच न पाहिलेला, पहाटेचा.

नोंदीत आणखी एक गोष्ट दिसली. झोपताना डाव्या हातात आजीच्या जुन्या सुती साडीचा काठ असायचा. काठ बोटांत फिरायला लागला की अर्ध्या मिनिटात उजवा अंगठा तोंडात. साडी हाताशी नसेल तेव्हा तो बराच उशिरा जाई. अशी जोडी पुष्कळ मुलांत असते: कोणी कान चोळतं, कोणी केसांची बट पिळतं, कोणी गोधडीचा कोपरा धरतं. ती जोडी सापडली की अर्धं काम हाती येतं, कारण अंगठ्यापेक्षा काठ हलवणं सोपं.

जूनची सुरुवात, आणि पहिल्या आठवड्याची फसगत

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोट वर काढलेली, वडील घरी, आईची पहाटेची एसटी बंद. घर स्थिर असतानाच सुरुवात करावी, या हिशेबाने १ जून ठरवला. हा निर्णय बरोबर होता, पण त्यानेच पुढे एक गोष्ट झाकून ठेवली. ती पुढे येईल.

आधी मुलीशी बोलणं. तिला आरशात तिचेच दात दाखवले आणि विचारलं, “तुला अंगठ्याला मोठा करायचाय का?” म्हणजे चोखणं सोडायचंय का. तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही, आणि ते दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी तिने आजीला सांगितलं, “मला करायचाय.”

मग बदली हालचाल शिकवली. ओढ लागली की अंगठा तळहातावर दुमडायचा, चार बोटांनी झाकायचा आणि वीसपर्यंत मोजायचं. सवयीच्या जागी तिच्याशी एकाच वेळी होऊ न शकणारी हालचाल बसवायची, ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेथन अझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ पासून मांडली. मुलीच्या भाषेत तिचं नाव पडलं “कुर्ली बिळात” (कुर्ली म्हणजे खेकडा). सकाळ-संध्याकाळ आरशासमोर दहा-दहा वेळा सराव, ओढ नसतानासुद्धा. ओढ लागल्यावर शिकवायला गेलं तर ते मुलाच्या डोक्यात शिरत नाही. घरच्यांनी “अंगठा काढ!” म्हणायचं नाही, एवढंच विचारायचं: “कुर्ली कुठाय गो?”

पहिला आठवडा फसला. वडिलांनी महिनाभर अंगठा घातला नाही तर सायकल, असा शब्द देऊन टाकला. पाच वर्षांच्या मुलाला महिना कळत नाही. दुसऱ्याच दिवशी अंगठा गेला आणि “आता सायकल नाही” म्हणून तिने प्रयत्नच सोडला. बक्षीस छोटं हवं, त्याच दिवशी हवं, आणि चुकलं तरी पुढच्या तासाला पुन्हा मिळण्यासारखं हवं.

दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात, आईच्या पाकिटातल्या टिकल्या लावायच्या ठरल्या. दिवसाचे तीन भाग: सकाळ, दुपार, संध्याकाळ. जो भाग अंगठ्याविना गेला त्याची एक टिकली, रंग तिने निवडायचा, लावायचीही तिनेच. चुकलेल्या भागाची जागा रिकामी. फुली नाही, लावलेली टिकली काढून घेणं नाही. पाच टिकल्या झाल्या की वडिलांबरोबर जेटीवर फेरी, किंवा रात्रीच्या जेवणात काय करायचं ते ती सांगेल. बक्षिसाला पैसे लागले नाहीत.

संध्याकाळच्या ५० मिनिटांवर टिकलीने काम झालं नाही. कार्टून पाहताना दोन्ही हात मोकळे आणि लक्ष दुसरीकडे. अशा वेळी मुलाला अंगठा गेलेला कळतही नाही. मोबाइल वीस मिनिटांवर आणला आणि त्या वेळात हाताला काम दिलं: आठळ्यांची पांढरी सालं काढायची, जवळा निवडायचा, वडील जाळं दुरुस्त करत असतील तर सुईवर दोरा गुंडाळून द्यायचा. बाकी वेळ सागरगोटे. सागरगोट्यांत उजवा हात सतत वर-खाली होतो, अंगठ्याला सवड मिळत नाही. जूनअखेर दिवसाचा अंगठा आठवड्यातल्या पाच दिवसांत शून्यावर आला.

रात्र

दिवस जमेपर्यंत रात्रीला हात लावायचा नाही, हा नियम पाळला. झोपेतलं वागणं मुलाच्या हातात नसतं. त्याच्यावर टिकली लावणं अन्याय होतो. रात्री वस्तूंची मदत घ्यायची.

पहिली वस्तू उशी. आजीच्या त्याच साडीचा काठ कापून ३० बाय २० सेंटिमीटरची उशी शिवली, आत शेवरीचा कापूस गच्च भरला आणि काठ चारही बाजूंनी बाहेरून लावला. उशी एका हातात मावत नाही. कवेत घ्यायला दोन्ही हात लागतात. काठ तोच, वासही तोच, पण आता उजवा हातही त्यात गुंतला. साडी मात्र तिच्यादेखत घडी करून ट्रंकेत ठेवली, लपवली नाही.

दुसरी वस्तू बाही. जुन्या सुती कुडत्याची उजवी बाही बोटांच्या पुढे १० सेंटिमीटर वाढवली आणि टोक धावदोऱ्याने शिवून टाकलं. मनगटाला दोरी किंवा रबर बांधायचं नाही, रक्त अडतं. आधी मोजा वापरून पाहिला होता. नायलॉनच्या मोज्यात कोकणातल्या दमट हवेने हात घामेजला, तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात पुरळ. विरलेलं सुती कापडच हवं. आणि असे कुडते पाच हवेत: पावसाळ्यात धुतलेला कपडा दोन-तीन दिवस वाळत नाही, ओलसर बाही मूल काढून टाकतं आणि मग “बाहीचा उपयोग होत नाही” असं घर म्हणतं. बाही ही शिक्षा नाही, झोपेत कुर्लीला आठवण करणारं बीळ आहे, असं सांगून ती मुलीनेच चढवायची.

कोपराचं बँडेज इथे पुन्हा लागलं नाही. वापरायचं झालं तर हात सरळ ठेवून, दंडाच्या मध्यापासून मनगटाच्या अलीकडेपर्यंत सैल गुंडाळायचं. एक बोट सहज आत गेलं पाहिजे. हात सरळ असताना ते जाणवू नये. कोपर दुमडला की ताण यावा आणि हात खाली पडावा. वडिलांनी आवळलं तसं नव्हे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नोंद बिघडली. बाही सकाळी उशाशी सापडायची. मुलगी म्हणे, मी काढली नाही. तिसऱ्या दिवशी आजीनेच सांगितलं: “पोर रात्रभर हात शोधतंय, बघवत नाय गो.” तिला दटावण्यात अर्थ नव्हता. मुलीची झोप मोडते हे तिचं निरीक्षण खरंच होतं. पहिल्या चार-पाच रात्री ती मोडते. आजीला एक काम दिलं. मुलगी चुळबुळली की खोबरेल तेलाचा हात पाठीवरून फिरवायचा, बाहीला हात लावायचा नाही. त्या रात्रीपासून आजीइतका भरवशाचा माणूस घरात दुसरा नव्हता. जुलैअखेर सातांपैकी सहा रात्री अंगठा कोरडा. बाही एकाआड एक रात्र करत बंद केली.

ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, बोट गेली, आईची पहाटेची एसटी सुरू झाली. चौथ्या दिवशी सकाळी अंगठा पुन्हा सुरकुतलेला. घरात निराशा: दोन महिने फुकट गेले.

ते फुकट गेले नव्हते. मेची वही उघडली की कारण दिसत होतं. पहाटेच्या ११० मिनिटांवर जून-जुलैत आपण काहीच केलं नव्हतं. आई उठत नव्हती म्हणून तो अंगठा आपोआप थांबला होता, आणि तो उपायाचा गुण समजला गेला. आई उठली की अंथरुणाची ऊब जाते, मुलगी अर्धवट जागी होते, हाताने चाचपते, आणि हात रिकामा परत येतो तो तोंडात जातो. सुट्टीत सुटलेली आणि शाळा सुरू होताच परतलेली सवय अनेक घरांत दिसते, तिचं कारण बहुधा हेच असतं.

म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू केलं नाही. दिवसाचं आणि झोपताना जमलेलं काम तसंच ठेवून, फक्त पहाट घेतली. झोपायच्या जागा बदलल्या: मुलगी रात्रीच आजी आणि भिंतीच्या मध्ये, आई कडेला, म्हणजे आईच्या उठण्याने अंथरूण हलत नाही. आईच्या फोनचा गजर मोठ्या आवाजाऐवजी थरथरीवर, उशाखाली. निघण्यापूर्वी आईने उशी मुलीच्या कवेत सरकवायची, इतकंच; उठवायचं नाही, निरोप घ्यायचा नाही. बाही पुन्हा दोन आठवड्यांपुरती. कॅलेंडरवर पहाटेची एकच टिकली, आणि तीही उशी सकाळी कवेत असली तर. अंगठ्याचा झोपेत हिशेब मागायचा नाही, उशीचा मागायचा.

१० ऑगस्टच्या जंतनाशक दिवशी अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाल्ली गेली हे पाहिलं. हात सतत तोंडात असणाऱ्या मुलाने ती चुकवू नये.

गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले. माजघरात अकरा माणसं, झोपायची जागा रोज वेगळी, जागरणं, आणि चुलतभावांनी “अंगठेबहाद्दर” असं नाव ठेवलं. चार दिवस अंगठा दिवसाही दिसला. आईने दोनच गोष्टी केल्या. मोठ्या काकांना बाजूला घेऊन चिडवणं थांबवायला सांगितलं, आणि काहीही झालं तरी आजी-उशी-भिंत ही जागा हलू दिली नाही. टिकल्यांचा हिशेब त्या दिवसांत बंद ठेवला. पाहुण्यांसमोर रिकामा चौकोन मुलाला लाजवतो. विसर्जनानंतर पाच दिवसांत गाडी रुळावर आली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पहाटेही अंगठा दिसला नाही.

जानेवारीतली तपासणी

पुढची फट ४ मिलिमीटरवरून १ वर. दात पुढे होते ते ६ वरून ५ मिलिमीटर; हे माप हळू बदलतं, ओठ नीट मिटायला लागले की थोडं आणखी सुधारेल. घट्टा गेला, अंगठ्याची कातडी दुसऱ्यासारखी झाली.

“स” म्हणताना जीभ अजून दातांच्या फटीत येते. फट असताना जिभेला तशी खोड लागते आणि फट भरली तरी काही काळ राहते. त्यासाठी जेवणाआधी पाच वेळा जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या खरखरीत जागेवर टेकवून, ओठ मिटून पाणी गिळायचं. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर वाचा-उपचार तज्ज्ञाकडे.

अंगठा आत टेकू नये म्हणून टाळूला बसवायची तारेची जाळी इथे वापरली नाही. तिची जागा सहा वर्षांनंतर, कायमचे दात येत असताना, मुलाला सोडायचंय पण झोपेत जमत नाही अशा वेळी आहे. दाढांना पट्टे घालून ती पक्की बसवतात, पहिले काही दिवस खाण्या-बोलण्याला त्रास होतो, आणि सवय सुटल्यावरही काही महिने ठेवावी लागते. न विचारता बसवली तर मुलं ती वाकवून ठेवतात.

खालचा मधला एक दुधाचा दात आता बोटाने हलतो. पुढची तपासणी एप्रिलमध्ये, त्या जागी नवा दात वर आलेला असेल तेव्हा. बोट तोवर चालू असेल आणि आईची एसटीही. १ जूनच्या आधी, पहाटेची एसटी चालू असतानाच, पुन्हा सात दिवसांची नोंद घ्यायची आहे.